उशिरा येणाऱ्या असाइनमेंट: प्रौढ विद्यार्थ्यांच्या वर्गात मुदत कशी सांभाळावी

मुदत उलटून चार दिवस झाले की रात्री साडेदहाला फोन वाजतो. "मॅडम, डबल ड्यूटी लागली बुटीबोरीला. लिहणं होऊनच नाही राहिलं. पुढच्या हप्त्यात दिलं तर चालंल का?" या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, ते बहुतेक वेळा त्या दिवशीच्या आपल्या थकव्यावर ठरतं. सोमवारी एकाला "चालेल, द्या" म्हणतो, गुरुवारी दुसरीला "आता नाही घेता येणार" म्हणतो, आणि रविवारी संपर्क सत्राला, म्हणजे केंद्रावरच्या वर्गाला, दोघं एकाच बाकावर बसलेले असतात.

नागपुरात रविवारचे आणि संध्याकाळचे वर्ग घेणाऱ्या सहकाऱ्यांकडून मी हे वर्षानुवर्षं ऐकते आहे. चूक मनाच्या चांगुलपणात किंवा कडकपणात नसते. उशिराचा नियम उशीर झाल्यावर, फोनवर, एकेकाच्या बाबतीत ठरतो, ही चूक आहे. म्हणून खालची पावलं दिलेल्या क्रमानेच घ्यायची आहेत. पहिली तीन सत्र सुरू व्हायच्या आत किंवा पहिल्या रविवारपर्यंत झाली नाहीत, तर पुढची सहा फारशी उपयोगाची नाहीत.

मुक्त विद्यापीठांच्या अभ्यासकेंद्रांवर शिकवणारे संमंत्रक, रात्र महाविद्यालयांतले शिक्षक, डिप्लोमा आणि सर्टिफिकेट वर्ग चालवणारे, अशांसाठी हा लेख आहे. वर्गात बावीस वर्षांची मुलगी असते तशी बावन्न वर्षांचे काकाही असतात.

पाऊल १: तुमच्या हातात काय आहे ते आधी पाहा

मुदतवाढ देण्याआधी ती देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हे तपासावं लागतं. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या, बहुतेक अभ्यासक्रमांत असाइनमेंटला ३० टक्के भार असतो आणि ती देण्याची अंतिम तारीख विद्यापीठ ठरवतं. संमंत्रकाला ती पुढे सरकवता येत नाही. उलट, संस्थेचा स्वतःचा सर्टिफिकेट कोर्स असेल तर सगळंच तुमच्या हातात असू शकतं. मधली स्थिती सर्वांत जास्त आढळते: अंतर्गत गुण भरायची तारीख वरून येते, पण विद्यार्थ्यांकडून काम कधी घ्यायचं ते तुम्ही ठरवता.

केंद्र संयोजकांना दोन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. गुण भरायची शेवटची तारीख कोणती? उशिरा आलेल्या कामाचे गुण कापण्याची मुभा आहे का, की गुण केवळ मजकुरावरच द्यायचे? काही ठिकाणी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'मुभा नाही' असं येतं. तसं असेल तर पाऊल ३ मधला गुण कापण्याचा भाग सोडून द्या, बाकीचं तसंच चालतं.

खबरदारी: विद्यापीठानं मुदत वाढवल्याचा फिरता मेसेज दरवर्षी ग्रुपवर येतो. अधिकृत संकेतस्थळावर परिपत्रक दिसल्याशिवाय त्याला दुजोरा देऊ नका. "मॅडम हो म्हणाल्या होत्या" एवढ्यावर माणसं थांबून राहतात आणि वर्ष वाया जातं.

पाऊल २: तारखा उलट्या मोजा, आणि दोन ठरवा

बहुतेक शिक्षक तारीख पुढच्या दिशेनं ठरवतात: धडा संपला, पंधरा दिवस दिले, झालं. त्याऐवजी शेवटाकडून मागे या.

समजा गुण भरायचा शेवटचा दिवस ३० एप्रिल आहे. सही-शिक्का आणि रांगेत अडकणारं पोर्टल यासाठी दोन दिवस सोडा, म्हणजे गुण २८ला तयार हवेत. वर्गात ४२ जण आहेत. एक उत्तरपत्रिका नीट वाचून शेरा लिहायला २० मिनिटं लागतात. म्हणजे १४ तास. रोज संध्याकाळी दोन तास बसलात तर सात दिवस. पण तुमच्याही घरी पाहुणे येतात, लाइट जाते, एखाद्या संध्याकाळी डोकं चालत नाही. म्हणून दहा दिवस धरा: १८ ते २७ एप्रिल. मग काम स्वीकारण्याचा अगदी शेवटचा दिवस १७ एप्रिल. आणि विद्यार्थ्यांना सांगायची मुख्य तारीख त्याच्या दहा दिवस आधी, ७ एप्रिल.

या दोन्ही तारखा वर्गाला सांगायच्या. 'खरी तारीख लपवून ठेवली तर लवकर देतील' हा विचार तरुण मुलांच्या वर्गात एकदा चालतो. प्रौढ माणसं दुसऱ्या सत्रात ओळखतात, आणि मग तुमच्या कुठल्याच तारखेवर विश्वास ठेवत नाहीत. ७ ही पहिली तारीख, १७ ही शेवटची तारीख, असेच शब्द वापरा. मधले दहा दिवस उशिरासाठीच ठेवले आहेत हे उघडपणे सांगा.

आता या तारखा नागपूरच्या वर्षावर ठेवून पाहा. वरच्या उदाहरणात १४ एप्रिल मधल्या दिवसांत येते. त्याच्या आदल्या दिवसापासून शहरातली निम्मी माणसं जयंतीच्या तयारीत असतात, म्हणून ते दोन दिवस मी लिहिण्याच्या दिवसांत मोजतच नाही. ३१ मार्च ही तारीख बँकेतल्या, ट्रेझरीतल्या आणि अकाउंट्समधल्या माणसांना देणं म्हणजे उशीर आधीच लिहून ठेवणं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास पोळा, दुसऱ्या दिवशी मारबत आणि तान्हा पोळा, पाठोपाठ गणपती. त्यात महालक्ष्म्यांचे तीन दिवस असे असतात की ज्यांच्या घरी त्या बसतात त्या बायकांना कागद हातात घ्यायलाही फुरसत नसते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून येणाऱ्यांची सोय कित्येक घरांतून होते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की पोलीस, बांधकाम विभाग आणि सचिवालयाशी संबंध असलेल्या कचेऱ्यांतल्या लोकांच्या रजा बंद होतात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. दुपारी कूलरसमोर बसूनही लिहिवत नाही, म्हणून मेमधला दिवस मी अर्धाच धरते. आणि निवडणूक लागली की शिक्षक, अंगणवाडी सेविका, महापालिकेचे कर्मचारी सगळे त्या ड्यूटीवर. ती नाकारता येत नाही.

तपासून पाहा: तुमची पहिली तारीख यांपैकी कशाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी येते का? येत असेल तर तीन दिवस सरकवा. तारीख सरकवायला पैसे लागत नाहीत, पण नंतर पंधरा जणांना वेगवेगळी उत्तरं देण्यात आठवडा जातो.

वेळेबद्दलही एक सांगते. 'रात्री १२ पर्यंत' असं कधीच लिहू नका. ७ तारखेचे रात्री १२ म्हणजे सहाची रात्र की सातची, यावर वाद होतो. शिवाय दुसऱ्या पाळीचा माणूस अकराला सुटून घरी पोचतो तोवर बारा वाजतात. 'सकाळी १० पर्यंत' लिहा. रात्री उशिरा बसणाऱ्यालाही चालतं, पहाटे उठणाऱ्यालाही.

पाऊल ३: नियम लिहून काढा, पहिल्या रविवारी वाचून दाखवा

अर्ध्या पानाच्या वर जायचं नाही. मी वापरते तो मजकूर असा:

"असाइनमेंटची पहिली तारीख ७ एप्रिल, सकाळी १०. शेवटची तारीख १७ एप्रिल, सकाळी १०.
उशीर होणार असेल तर ७ तारखेच्या आधी मेसेज करा. कारण सांगायची गरज नाही. तुम्ही कोणत्या तारखेला देणार ते सांगा. ती तारीख १७च्या आतली हवी. ती पाळली तर गुण कापले जाणार नाहीत.
न कळवता उशीर झाला, किंवा स्वतः सांगितलेली तारीख चुकली, तर २० पैकी २ गुण कमी होतील. हे एकदाच, दिवसाच्या हिशेबानं नाही.
१७ नंतर या सत्रात काम घेता येणार नाही.
आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू अशा वेळी थेट माझ्याशी बोला. त्यासाठी वेगळी सोय आहे.
हे नियम सगळ्यांना सारखे आहेत."

कागद वाटून चालत नाही, वाचून दाखवावा लागतो. वाचताना "कारण सांगायची गरज नाही" इथे थांबा. वर्गात मान वर होते ती इथेच. चाळिशी उलटलेल्या माणसाला घरची अडचण पोराच्या वयाच्या शिक्षकाला सांगायची लाज वाटते. सासू अंथरुणाला खिळली आहे, नवऱ्याचं काम सुटलं आहे, फोन एकच आहे आणि तो मुलाच्या क्लासला लागतो, हे सांगण्यापेक्षा कित्येक जण कोर्स सोडून देणं पत्करतात.

याच दिवशी प्रत्येकाकडून चार ओळी लिहून घ्या: पाळी कोणती आणि ती कधी बदलते, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, लिहायला कोणती वेळ मिळते, फोन स्वतःचा आहे की घरात मिळून एक. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत जाणाऱ्यांपैकी अनेकांची पाळी दर आठवड्याला फिरते. रात्रपाळीच्या आठवड्यात पहिली तारीख आली तर तो माणूस उशीर करणार, हे तुम्हाला दोन महिने आधीच कळलेलं असतं. कोराडी-खापरखेड्याकडून येणाऱ्यांचा प्रवासाचा वेळही या चार ओळींत दिसतो.

खबरदारी: हा कागद कपाटात ठेवा, ग्रुपवर फोटो टाकू नका. आणि त्यातल्या माहितीवरून कुणाला परस्पर सवलत देऊ नका. मेसेज त्यांनीच करायचा आहे.

पाऊल ४: कामाचं पहिलं पान आधी मागा

उशीर लिहिण्यात होत नाही, सुरू करण्यात होतो. वीस वर्षांनी परत पेन धरणाऱ्या माणसाला प्रश्न वाचून पहिलं वाक्य सुचत नाही, म्हणून तो आठवडाभर वही उघडत नाही. नंतर अडचण सांगताना मात्र तो ड्यूटीचं नाव घेतो, कारण 'मला सुरुवातच जमत नाही' हे सांगणं कठीण असतं.

पहिल्या तारखेच्या तीन आठवडे आधी, संपर्क सत्रातच, पंधरा मिनिटं द्या. एका प्रश्नाचा पहिला परिच्छेद तिथेच लिहायचा. गुण नाहीत. तुम्ही बाकांमधून फिरायचं आणि वाचायचं. ज्यांचं पान कोरं राहिलं त्यांची नावं तुमच्या वहीत. बहुतेक वेळा पुढे उशीर करणारे तेच असतात. त्यांना सत्र संपल्यावर पाच मिनिटं थांबवा आणि प्रश्न फोडून दाखवा: यात काय विचारलंय, कोणत्या घटकात उत्तर आहे, तीन मुद्दे कोणते. या पाच मिनिटांनी जेवढे उशीर टळतात तेवढे कुठल्याही दंडानं टळत नाहीत. दोन सत्रं शेजारी ठेवून मी हे स्वतः पाहिलं आहे, एकात ही पंधरा मिनिटं दिली होती आणि एकात नाही.

जे त्या रविवारी आलेच नाहीत त्यांना फोन करून तेच पान फोटो काढून पाठवायला सांगा.

पाऊल ५: "उशीर होईल" असा मेसेज आला की

उत्तर आधीच लिहून फोनमध्ये जतन करून ठेवा. असं:

"मेसेज केल्याबद्दल आभार. तुम्ही कोणत्या तारखेला सकाळी १०च्या आत देऊ शकाल? १७ एप्रिलच्या आतली तारीख सांगा. आत्तापर्यंत किती प्रश्न झाले तेही कळवा."

बस. "काय झालं?" विचारायचं नाही. "एवढे दिवस काय करत होता?" तर नाहीच. समोरचा स्वतःहून सांगत असेल तर ऐका, पण तारीख त्यावरून ठरवू नका. कोणाचं दुःख दहा दिवसांचं आणि कोणाचं चार दिवसांचं, हे मोजायला शिक्षक बसला की दोन गोष्टी होतात. ज्याला बोलता येतं त्याला जास्त दिवस मिळतात. आणि जो खरं सांगतो त्याचा तोटा होतो.

"लवकरात लवकर देतो" हे उत्तर स्वीकारू नका. "पुढच्या हप्त्यात" हेही नाही. "ठीक आहे, पुढच्या आठवड्यात कोणता वार?" असं पुन्हा विचारा. वार आणि तारीख दोन्ही आल्याशिवाय नोंद करायची नाही. तारीख आली की लगेच परत लिहा: "१३ एप्रिल, सोमवार, सकाळी १०. नोंद केली." हा मेसेजच तुमचा पुरावा आणि त्यांचीही पोचपावती.

किती प्रश्न झाले हे का विचारायचं? पाचपैकी चार झाले असतील तर चार दिवस पुरतात. एकही झाला नसेल तर माणूस १२ तारीख सांगतो ती संकोचानं, जमणार आहे म्हणून नाही. अशा वेळी तुम्हीच म्हणा, "ताई, १५ घ्या, आणि १०ला मला दोन उत्तरांचे फोटो पाठवा."

आजारपणाचं प्रमाणपत्र मी मागत नाही. ते मिळवायला अर्धा दिवस आणि पैसे जातात, आणि तोच अर्धा दिवस लिहायला हवा असतो. विद्यापीठाला शेवटच्या तारखेनंतरच्या सवलतीसाठी कागद लागणार असेल तेव्हाच तो मागा, आणि कशासाठी मागताय ते सांगा.

घरात मृत्यू झाला असेल तर तारीख विचारायचीच नाही. "तेरवी होऊ द्या, मग मी फोन करते" एवढंच. आणि मग खरोखर फोन करायचा. शेवटची तारीख त्याच्या आधी संपत असेल तर केंद्र संयोजकांशी तुम्ही बोला, त्यांना धावायला लावू नका.

अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याचा जास्तीचा वेळ या हिशेबात येत नाही. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत वाचन-लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. विदर्भात शिकवणाऱ्यानं यातला शेवटचा शब्द लक्षात ठेवायलाच हवा. सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका सांगून येत नाही आणि त्यातून उठायला दिवस लागतात. अशा विद्यार्थ्याशी सत्राच्या सुरुवातीलाच बसून वेगळी तारीख लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी त्याला मेसेज करून विनंती करावी लागत नाही.

पाऊल ६: मेसेजच आला नाही, तर

सर्वांत जास्त माणसं इथे गळतात. आणि बहुतेक शिक्षक इथेच काही करत नाहीत, कारण 'मोठी माणसं आहेत, त्यांची जबाबदारी त्यांना कळते'.

जबाबदारी कळते, म्हणूनच ती गप्प बसतात. एका सत्रात आमच्याकडच्या एक अंगणवाडी सेविका पहिल्या तारखेनंतर वर्गाला यायच्याच बंद झाल्या. तीन आठवड्यांनी बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "वेळेवर दिलं नाही, आता कोणत्या तोंडानं येऊ?" त्यांची चार उत्तरं लिहून तयार होती. त्या वर्षी शेवटची तारीख तेव्हा उलटून गेली होती. मी फोन केला नव्हता. ते वर्ष माझ्यामुळे गेलं असं मी मानते, आणि तेव्हापासून तिसऱ्या दिवसाचा फोन मी चुकवत नाही.

क्रम असा ठेवा. पहिल्या तारखेला सकाळी ११ वाजता ज्यांचं काम आलेलं नाही आणि मेसेजही नाही, त्यांची यादी करा. त्यांना वैयक्तिक मेसेज पाठवा, ग्रुपवर नाही. ग्रुपवर बाकी राहिलेल्यांची नावं टाकणं ही आपल्याकडची अगदी नेहमीची चूक आहे. पन्नाशीच्या माणसाचं नाव त्याच्याच गल्लीतल्या मुलीसमोर झळकतं आणि तो ग्रुप सोडतो.

मेसेज: "तुमची असाइनमेंट अजून आलेली नाही. १७ एप्रिलपर्यंत घेता येईल. २ गुण कमी होतील, बाकी सगळे गुण मिळू शकतात. कोणत्या तारखेला देता?"

यात "बाकी सगळे गुण मिळू शकतात" हे शब्द गाळू नका. बऱ्याच जणांना वाटतं की एकदा तारीख गेली म्हणजे सगळंच गेलं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे १० तारखेला, उत्तर न देणाऱ्यांना फोन. वेळ त्यांच्या चार ओळींतून काढा. रात्रपाळीवाल्याला सकाळी नऊला फोन करून झोपमोड करू नका. फोन घरच्यांनी उचलला तर "असाइनमेंट राहिली आहे" असं त्यांना सांगू नका. काही सुनांनी शिकण्याचं घरात अजून नीट सांगितलेलंही नसतं. "क्लासमधून बोलते आहे, ताईंना फोन करायला सांगा" इतकं पुरे.

१४ला दुसरा आणि शेवटचा मेसेज. त्यानंतर थांबा. चौथ्या-पाचव्यांदा मागे लागणं हेही चूकच. मग काम त्यांचं राहत नाही, तुमचं होतं.

पाऊल ७: गुण कापताना हिशेब करून पाहा

"रोज १० टक्के कमी" हा नियम अनेक ठिकाणी दिसतो, आणि तो ठरवणाऱ्यानं तो मांडून पाहिलेला नसतो. २० गुणांचं काम आहे. एका बाईंचं काम १३ गुणांचं आहे, म्हणजे चांगलं. तीन दिवस उशीर झाला. रोजचे २ याप्रमाणे ६ गेले, उरले ७. उत्तीर्णतेला ४० टक्के म्हणजे ८ लागतात. विषय येणारी बाई तीन दिवसांत नापास. आणि हे समजलं की चौथ्या दिवशी काम देण्यात तिला काहीच अर्थ वाटत नाही, म्हणजे आपण नियमानं उशीर वाढवलाच.

एकदाच २ गुण कापले तर तिचे ११ होतात. दंड जाणवतो, पण काम द्यावंसं वाटतं. दुसरा फायदा आपला: दिवस मोजावे लागत नाहीत, ४२ जणांत मोजणीची चूक होत नाही.

त्याला आणखी एक कुंपण घाला: केवळ उशिराच्या दंडामुळे कुणी नापास होणार नाही. ९ गुणांचं काम उशिरा आलं तर ८ द्या, ७ नाही. स्वतःच्या बळावर ८च्या खाली असेल तर गोष्ट वेगळी.

शेऱ्यात दोन्ही आकडे लिहा: "मजकुराचे १३, उशिराचे वजा २, एकूण ११." नुसते ११ लिहिले तर विद्यार्थ्याला वाटतं की त्याचं उत्तरच कमी पडलं, आणि पुढच्या वेळी तो चांगलं चाललेलं लिहिणं बदलून बसतो.

पाऊल ८: तपासलेली कामं परत कधी द्यायची

इथे एक चूक अगदी सहज होते. वेळेवर आलेली कामं आपण उत्साहानं ९-१० तारखेला तपासून परत देतो. ११ला ती झेरॉक्सच्या दुकानात पोचतात. १५ला उशिरा येणाऱ्या कामांत तीच वाक्यं, तीच उदाहरणं, कधी तर आपण सुधारून दिलेला शब्दसुद्धा.

१७ तारखेआधी एकही तपासलेलं काम परत द्यायचं नाही. वेळेवर देणाऱ्यांवर हा अन्याय होऊ नये म्हणून त्यांना गुण नाही, पण 'मिळालं, वाचलं, दुसऱ्या प्रश्नातलं उदाहरण चांगलं आहे' एवढा मेसेज करा. वेळ पाळणाऱ्यांना कुणी काहीच बोलत नाही, आणि सगळं लक्ष उशीरवाल्यांना मिळतं, ही तक्रार वर्गात असते आणि ती खरी असते.

प्रश्न बदलण्याची मुभा असेल तर उशिराच्या संचात एक प्रश्न स्वतःच्या कामाच्या जागेशी जोडून विचारा: 'तुमच्या कचेरीत किंवा वस्तीत हे कसं घडतं ते लिहा.' हे उत्तर दुसऱ्याकडून उतरवता येत नाही, आणि मोबाइलवरच्या चॅटबॉटकडूनही नीट मिळत नाही, कारण त्याला इतवारीतल्या किराणा दुकानाची उधारीची वही माहीत नसते.

तपासताना क्रम ठेवा: आधी वेळेवर आलेली, मग कळवून उशिरा आलेली, मग बाकीची. पण मजकूर वाचताना तारीख झाका. मी वरच्या पानावर कोरा कागद टाचून ठेवते. उशीर माहीत असला की हात आपोआप आखडतो. दोन गुण नियमानं गेले, आणखी दोन रागानं जाऊ नयेत.

पाऊल ९: १७ नंतर नाही म्हणणं

ते एक-दोन येतातच. १८ला दुपारी, हातात कागदांचा गठ्ठा, घामानं भिजलेले. "मॅडम, फक्त एक दिवस झाला." या वेळी घेतलं तर ज्यांनी १६च्या रात्री जागून लिहिलं त्यांची फसवणूक होते. आणि पुढच्या सत्रात १७ला कोणी तारीख मानणार नाही.

नाही म्हणताना तीन गोष्टी सांगा. या सत्रात घेता येणार नाही. लिहिलेलं वाया गेलं नाही, ते जपून ठेवा. पुढच्या सत्रात पुन्हा कधी आणि कसं देता येईल, त्यासाठी अर्ज किंवा शुल्क लागतं का. तिसरी गोष्ट माहीत नसेल तर त्यांच्यासमोरच कार्यालयात फोन लावा. प्रश्न दर सत्राला बदलत असतील तर तेही आत्ताच सांगा, नाहीतर ते जुन्याच प्रश्नांची उत्तरं घेऊन पुन्हा येतील. गठ्ठा ठेवून घेऊ नका. "बघते, काही होतं का" म्हणून ठेवलेला गठ्ठा म्हणजे त्यांच्या मनात 'घेतली' असंच होतं.

अपवाद करायचाच असेल, रुग्णालय, अपघात, बाळंतपण, तर तो एकट्यानं करू नका. संयोजकांच्या सहीनं करा आणि कारणाचा तपशील न लिहिता 'विशेष बाब' अशी नोंद ठेवा. गुपचूप दिलेली सवलत आठवड्याच्या आत वर्गाला कळते.

या सगळ्याची नोंदवही

एक साधी वही, सहा रकाने: क्रमांक, कळवल्याची तारीख, त्यांनी सांगितलेली तारीख, प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख, वजा गुण, माझी सही. नाव नाही, फक्त क्रमांक, म्हणजे वही टेबलावर उघडी राहिली तरी हरकत नाही.

कागदी काम घेताना विद्यार्थ्याकडून मुखपृष्ठाच्या दोन प्रती घ्या. एकीवर तारीख, वेळ आणि सही करून परत द्या. "मी दिली होती, तुमच्याकडून हरवली" हा वाद दरवर्षी होतो आणि पोचपावती नसेल तर त्यात शिक्षकाची बाजू पडते. तशी ती पडलीही पाहिजे, कारण कागद आपल्या ताब्यात होता.

मोबाइलवरून येणारं काम एकाच पीडीएफमध्ये, फाइलला नाव म्हणजे हजेरी क्रमांक. अकरा फोटो वेगवेगळे आणि त्यातले दोन आडवे, असं आलं तर परत पाठवा, पण मिळाल्याची वेळ पहिल्या मेसेजचीच धरा. पीडीएफ कशी करायची ते पहिल्या रविवारीच एकदा फोन हातात घेऊन सगळ्यांकडून करून घ्या. ज्यांना जमतं त्यांना शेजारच्या काकांसोबत बसवा.

सत्र संपल्यावर वही उघडून तिसरा आणि चौथा रकाना शेजारी वाचा. सांगितलेल्या आणि प्रत्यक्ष तारखेत ज्यांचं अंतर दर वेळी दोन-तीन दिवसांचं आहे त्यांना पुढच्या सत्रात पाऊल ४ मधल्या पंधरा मिनिटांत आधी गाठा. आणि एकाच तारखेला अर्धा वर्ग अडकलेला दिसला, तर त्या तारखेवर लाल पेननं गोल करा आणि पुढच्या वर्षी ती तारीख देऊ नका.